सासऱ्याच्या घरचा पत्ता

शिवतेजला कॅनडाहून पत्र आलं, तेव्हा आम्ही दुपारच्या सुट्टीत डबे उघडून बसलो होतो. पत्र म्हणजे मोबाईलवरच. त्याच्या बायकोनं, सृष्टीनं, तिकडून पाठवलं होतं. त्यानं ते वाचलं, मोबाईल पालथा ठेवला आणि भाकरीचा तुकडा हातातच धरून बसला.

"काय झालं रं?" मी विचारलं.

"आमी एकत्र ऱ्हायलो त्याचा पुरावा मागत्यात."

मी हसलो. लग्नाला सात वर्षं झालेल्या माणसाला बायकोबरोबर राहिल्याचा पुरावा कोण मागतं, असं मला वाटलं. शिवतेज हसला नाही. तो का हसला नाही हे मला लगेच कळायला हवं होतं. सगळं मला माहीत होतं, आणि त्यातल्या काही गोष्टींत माझाही हात होता.

कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं शेजारशेजारच्या मशिनवर काम करायचो. शिवतेज कोरेगावजवळच्या गावचा. वडील सयाजीराव, म्हणजे आबा, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, घरचा ऊस, गावात शब्दाला मान. सृष्टी कुपवाडची, सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स. तिचे वडील कोंडीबा मूळचे पाटणकडचे. तीस वर्षं त्यांनी फौंड्रीत भट्टीवर काढली आणि त्यातून दोन खोल्यांचं घर उभं केलं. वर पत्र्याची एक खोली.

लग्नानंतर शिवतेजला आमच्याकडं काम लागलं. सृष्टीची नोकरी इथंच होती. कोंडीबाअप्पा म्हणाले, "वरची खोली मोकळीच हाय. भाडं कशाला भरता?" म्हणून दिवाळीत दोघं त्या खोलीत राहायला आले आणि पावणेतीन वर्षं राहिले. नंतर सृष्टी कॅनडाला गेली आणि शिवतेज आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहायला आला.

ह्यात लपवण्यासारखं काय होतं, असं कुणीही म्हणेल. पण शिवतेजच्या गावात एक घरजावई होता. त्याला सगळं गाव त्याच्या बायकोच्या आडनावानं हाक मारायचं. लहानपणी शिवतेजनंही मारली होती. त्यामुळं त्यानं घरी सांगितलं, "कुपवाडला भाड्यानं खोली घेतलीया." मग ते एक खोटं सांभाळण्यात त्याचे सगळे दिवस गेले. आधारकार्डावरचा पत्ता त्यानं बदलला नाही. बँकेत, लायसन्सवर, कंपनीत, सगळीकडं गावचाच पत्ता. अप्पांनी रेशनकार्डावर नाव घालू का म्हणून विचारलं, तर म्हणाला राहू द्या. मागवलेली पार्सलं तो कंपनीच्या गेटवर घ्यायचा. गौरी-गणपतीला घरात फोटो निघायचे, तेव्हा हा बरोबर पाणी प्यायला आत जायचा.

आता कॅनडात सृष्टी कायमची रहिवासी झाली होती आणि तिनं नवऱ्याला बोलवायचा अर्ज केला होता. अर्जात तिनं खरं तेच लिहिलं होतं, की ह्या ह्या पत्त्यावर आम्ही इतके दिवस एकत्र राहिलो. तिकडच्या कचेरीनं विचारलं, तुमच्या नवऱ्याच्या एकाही कागदावर हा पत्ता कसा नाही? तीस दिवसांत पुरावा द्या. आणि पत्ता का नोंदवला नाही, याचा खुलासा नवऱ्यानं स्वतः लिहून द्यावा.

आम्ही दोघं सांगलीत एका एजंटाकडं गेलो. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "सोपं आहे. मागच्या तारखेचा भाडेकरार करू. एखादा घरमालक गाठा."

शिवतेजनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते बरंच वाटलं. जिन्यावरूनच त्यानं सृष्टीला फोन लावला. तिचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आपण खरंच राहिलोय तिथं," ती म्हणाली. "खऱ्याला खोटा कागद कशाला लागतो? सापडलं तर कित्येक वर्षं अर्जसुद्धा करता येणार नाही. तू अप्पांकडं जा. ते प्रतिज्ञापत्र लिहून देतील. तुझ्या आबांचंही पाहिजे. आणि एखाद्या मित्राचं."

"आबांचं कशाला?"

"दोन्ही घरचं पाहिजे."

त्यानं फोन खिशात घातला. "मित्राचं तू दे," मला म्हणाला. आणि जिन्याच्या पायरीवरच बसला.

आबांचं नाव ऐकून तो का गार पडला, ते सांगायला हवं. दुसऱ्या वर्षी सयाजीआबांनी कळवलं होतं, की मिरजेला दवाखान्यात यायचं आहे, रात्री तुमच्या खोलीवर मुक्काम करतो. शिवतेज माझ्याकडं आला. मी तेव्हा एकटाच राहत होतो. "एक दिवस तुझी खोली दे," म्हणाला. मी दिली. सृष्टीनं तिच्या घरची भांडी आणली, माझ्या चुलीशेजारी देवाचा छोटा फोटो मांडला. माझ्या भिंतीवर मक्केची तसबीर होती. ती काढ, असं मला कुणीच म्हणालं नाही. मीच काढली, चादरीत गुंडाळली आणि कंपनीत झोपायला जाताना बरोबर नेली. मैत्रीत एवढं चालतं, असं मी मनाला सांगितलं होतं. सृष्टी त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आबा मात्र खूश होऊन गेले. पोरगं स्वतःच्या हिमतीवर राहतंय म्हणून गावभर सांगत सुटले.

अप्पांकडं जायला त्याला त्याहून जास्त लाज वाटत होती. त्याचंही कारण मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सृष्टी जायच्या वर्षी एप्रिलात शिवतेजला कोरोना झाला. पंधरा दिवस तो त्या पत्र्याच्या खोलीत पडून होता. सृष्टी दवाखान्यात ड्यूटीवर अडकलेली. कोंडीबाअप्पा तोंडाला पंचा बांधून जिना चढायचे, औषध द्यायचे, ताप बघायचे. तो उठला आणि ते पडले. दोघंही वाचले. नंतर शिवतेज कामावर यायला लागला, तरी त्याला ताकद नव्हती. म्हणून अप्पा रोज दुपारी लुनावरून गरम डबा घेऊन कंपनीच्या गेटवर यायचे.

एकदा अप्पा असाच डबा देत होते आणि नेमका गावाकडून शिवतेजचा चुलतभाऊ उदयसिंह आला, बरोबर आणखी एक जण. मी तिथंच उभा होतो. उदयसिंहनं अप्पांकडं बघून विचारलं, "हे कोण?"

अप्पांच्या अंगावर घरातला जुना सदरा होता, पायात रबरी चप्पल. लग्नात उदयसिंहनं त्यांना फेट्यात पाहिलं होतं, त्यामुळं त्यानं ओळखलं नाही.

"आमचे मेसवाले," शिवतेज म्हणाला.

अप्पांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "रिकामा डबा सांजच्याला गेटवर ठेवा, सायेब." लुनाला पायडल मारलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशीही डबा आला. फक्त अप्पा गेटच्या आत आले नाहीत. वॉचमनकडं ठेवून गेले.

त्यावर त्यांच्या घरात कधी बोलणं झालं नाही. शिवतेजनं विषय काढला नाही, अप्पांनी काढला नाही, आणि मीही नाही.

त्या रविवारी सकाळी आम्ही अप्पांच्या घरी गेलो. अंजनाकाकूंनी, म्हणजे सृष्टीच्या आईनं, चहा टाकला. शिवतेजनं पत्रातला मजकूर सांगितला. अप्पा चटईवर बसून ऐकत होते.

"देतो की लिहून," ते म्हणाले. "पोरीचं काम हाय. पण पाव्हणं, काय म्हणून लिहू? हितं जावई ऱ्हात व्हता म्हणून, का मेसचं गिऱ्हाईक ऱ्हात व्हतं म्हणून?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चार वर्षं ते वाक्य त्यांनी आत ठेवलं होतं, एवढंच.

"कसलं गिऱ्हाईक?" काकूंनी आतून विचारलं.

"काय न्हाई. जुनी गोष्ट हाय."

अप्पा विषय तिथंच सोडणार होते. शिवतेज गप्प बसला असता तर तो सुटला असता. पण त्यानं काकूंना हाक मारली, "आई, जरा भाईर या." आणि सगळं सांगितलं. गेटवर कोण आलं होतं, काय विचारलं, आपण काय म्हणालो. सांगताना तो चटईची एक काडी उपसत होता.

काकू दाराला धरून उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्या डब्यात मी रोज एक अंडं घालत हुते. अशक्तपणा हाय म्हणून. आमच्या घरात तवर अंडं शिजलं नव्हतं."

मग त्या आत गेल्या आणि सृष्टीच्या सर्टिफिकेटांची फाईल घेऊन आल्या. त्यात शिवतेजचा कोरोनाचा रिपोर्ट निघाला. तपासणीचा फॉर्म सृष्टीनं भरला होता, म्हणून त्यावर पत्ता ह्या घरचा होता. पावणेतीन वर्षांत त्याचं नाव आणि तो पत्ता एका कागदावर आलेले तेवढ्या एकाच वेळी, आणि तेही तो शुद्धीत नसल्यामुळं.

चहा आला. आम्ही प्यायलो. कुणी कुणाला क्षमा वगैरे केली नाही. अप्पा म्हणाले, "बुधवारी कोर्टात येतो. आधारकार्ड आणायचं का?"

तिथून तसेच आम्ही मोटारसायकलवर कोरेगावकडं निघालो. शिवतेज म्हणाला, "आज न्हाई गेलो तर परत जाणं व्हणार न्हाई माझ्यानं." दुपार कलताना पोचलो. सयाजीआबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून म्हणाले, "ये रं अश्फाक. कॅनडाचं आलं का?"

शिवतेज त्यांच्या पायाशी, जमिनीवरच बसला. सांगायला त्याला दहा मिनिटं लागली. भाड्याची खोली कधी नव्हतीच. सासऱ्याच्या घरी राहत होतो. सासऱ्यांना मेसवाला म्हणालो, तेही सांगितलं. शेवटी, बुधवारी कोर्टात प्रतिज्ञापत्र द्यायला या, म्हणाला. त्याचं संपल्यावर आबांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं वळले.

"मग मी ज्या खोलीत ऱ्हायलो, ती कुणाची?"

"माझी, आबा."

"त्या रात्री तू कुठं झोपलास?"

"कंपनीत."

"सोताच्या खोलीतनं भाईर?"

मी मान हलवली.

"भितीला एक मोकळा खिळा व्हता. मी टोपी अडकवली व्हती त्याला. तिथं काय व्हतं तुझं?"

मी म्हणालो, "कॅलेंडर."

आबा माझ्याकडं बघत राहिले. त्यांना पटलं नाही, हे मला दिसत होतं. पण खरं सांगायला माझी जीभ वळली नाही. शिवतेज मात्र एका दमात सगळं ओकून मोकळा झाला होता. ते त्याला कसं जमलं, ह्याचं मला त्या क्षणी आश्चर्य वाटलं.

आबा उठले. "अठ्ठावीस वर्षं फौजेत लोकांच्या बराकीत ऱ्हायलो. सासऱ्याकडं ऱ्हायलास ह्याचं मला काय वाटत न्हाई," ते म्हणाले. "पण मला दुसऱ्याच्या घरात निजवून ते तुझं म्हणून दावलंस. आन मी गावात छाती काढून सांगत फिरलो." एवढं बोलून ते आत गेले. रात्री जेवायलाही बाहेर आले नाहीत. शिवतेजच्या आईनं आम्हाला वाढलं. आम्ही परत निघालो, तेव्हा आतून आवाज आला, "बुधवारी कितीला?"

बुधवारी ते एसटीनं आले. इस्त्रीचे कपडे, छातीवर एकही पदक नाही, हातात कागदांची पिशवी. कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्याच्या टेबलाशी कोंडीबाअप्पा आधीच येऊन थांबले होते. लग्नानंतर दोघं व्याही पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. आबांनी हात जोडले.

"आमचं पोरगं पावणेतीन वर्षं तुमच्यात जेवलं," आबा म्हणाले, "आन मी येकदाबी तुमच्या दारात आलो न्हाई."

"बोलावलं कुणी?" अप्पा म्हणाले.

"व्हय. बोलावलं न्हाई."

आणि दोघंही टायपिंगवाल्याकडं वळले. शिवतेज मधेच उभा होता, पण दोघांपैकी कुणाचंच त्याच्याकडं लक्ष नव्हतं.

टायपिंगवाल्याकडं मजकूर तयार होता. अमुक अमुक इसम व त्यांची पत्नी तमुक पत्त्यावर एकत्र राहत होते, हे मला माहीत आहे. अप्पांनी तसाच घेतला, फक्त 'भाडे न घेता' हे शब्द टायपिंगवाल्यानं घातले होते ते काढायला लावले. "जावयाकडनं भाडं घेतं का कुणी? लिवायची गरज न्हाई." माझ्याही कागदावर तोच मजकूर. मी पुढं फक्त घातलं, की मी त्यांच्याकडं अनेकदा जेवायला गेलो आहे. ते खरं होतं.

आबांनी छापील मजकूर वाचला आणि परत दिला. "हे खोटं हाय. तवा मला माहीत नव्हतं."

"आबा, तेवढं चालतं," टायपिंगवाला म्हणाला. "सगळे असंच देतात."

"मी सांगतो तसं टाईप करा."

शिवतेज पुढं झाला. "आबा, तिकडचा सायेब वाचंल. मी घरच्यांशी खोटं बोलतो असं दिसलं तर अर्जच फेटाळतील."

"मग फेटाळूदेत," आबा म्हणाले. "शपथेवर खोटं लिवून देणार न्हाई."

त्यांनी एकेक वाक्य तोलून सांगितलं. माझा मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो असे त्याने मला सांगितले होते. ते खरे नव्हते. तो व माझी सून श्री. कोंडीबा यांच्या घरी राहत होते हे मला चालू आठवड्यात समजले. गावात नाव जाईल या भीतीने त्याने ते लपवले. अशी भीती त्याला वाटावी, यात माझाही दोष आहे.

शेवटचं वाक्य ऐकून टायपिंगवाल्याची बोटं थांबली. शिवतेज पाठ करून उभा राहिला. मी झेरॉक्स काढायच्या निमित्तानं तिथून बाजूला झालो.

सह्या झाल्यावर अप्पा आबांना म्हणाले, "आता चला घरला. जेवून जावा." आबा त्यांच्या लुनावर मागं बसून गेले. आम्हाला कुणी चला म्हणालं नाही. आम्ही मागनं गेलो.

राहिला होता शिवतेजचा स्वतःचा खुलासा. तो त्यानं माझ्या खोलीत बसून लिहिला. पहिल्या दोन कागदांवर नोकरीची धावपळ होती, सरकारी कामाची दिरंगाई होती. ते त्यानं फाडले. तिसऱ्यावर लिहिलं, 'मला माझ्या सासऱ्यांच्या घरी राहण्याची लाज वाटत होती, म्हणून मी तो पत्ता कुठेही दिला नाही.' पुढं मेसवाल्याची गोष्टही लिहिली. मी म्हणालो, "हे कशाला? हे कुणी विचारलेलं न्हाई."

"सृष्टीला आणि कसं सांगू?" तो म्हणाला.

सगळे कागद तिकडं तीच चढवणार होती. खोली उसनी घेतली तेव्हा ती बरोबर होती. ते तिला माहीत होतं. गेटवरचं माहीत नव्हतं. कागद मिळाल्यावर तिचा फोन आला, पण शिवतेजला नाही, मला.

"अश्फाकभाऊ, अप्पांना तो तसं म्हणाला, तेव्हा तुम्ही तिथं होता?"

"होतो."

"मग तुम्ही का नाही बोललात काही?"

उत्तराची वाट न बघता तिनं फोन ठेवला. कागद तिनं त्याच दिवशी पाठवले, एक शब्दही न बदलता. शिवतेजशी मात्र ती अकरा दिवस बोलली नाही. बाराव्या दिवशी बोलली, ते आधारकार्डाचा पत्ता बदललास का, एवढंच विचारायला.

त्यानं बदलला. कॉटही सोडली आणि परत पत्र्याच्या खोलीत राहायला गेला. अप्पा नको म्हणाले नाहीत. भाद्रपदात त्यानं उदयसिंहला मुद्दाम जेवायला बोलावलं, सासऱ्यांची नीट ओळख करून द्यायची म्हणून. अप्पा त्या दिवशी सकाळीच पाटणला निघून गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "मला दावायला मांडू नका, पाव्हणं. मी हाय तिथं हाय." शिवतेजनं ते मला सांगितलं, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आपण पुन्हा तीच चूक नव्या पद्धतीनं केली, हे त्याला कळलं होतं.

मार्गशीर्षात मंजुरी आली. आबांचं प्रतिज्ञापत्र आड आलं नाही. कदाचित त्यामुळंच काम झालं असेल, कदाचित कोरोनाच्या रिपोर्टामुळं. तिकडून कारण कळवत नाहीत.

जायच्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर आम्ही चौघंच होतो. आबा कोरेगावाहून थेट मुंबईला, विमानतळावर जाणार होते. काकूंनी चटणी, मेतकूट बांधून दिलं होतं, सगळं सृष्टीसाठी. शिवतेज वाकला, अप्पांच्या पायाला हात लावला आणि उठलाच नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले. अप्पांनी त्याच्या दंडाला धरून उठवलं.

"गाडी लागलीया," ते म्हणाले. "तिला म्हणावं, आईला दोन दिसांनी तरी फोन करत जा."

एसटी गेली. काकू पदरानं तोंड पुसत बाकावर बसल्या. अप्पा थोडा वेळ रिकाम्या फलाटाकडं बघत उभे राहिले. मग मला म्हणाले, "तुमी निघा आता. कंपनीतली पाळी चुकंल तुमची."